माफ केलेला हिस्सा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी मंडळी. लोक आमच्याकडे मुलांच्या दाखल्यासाठी येतात, तसे जुने कागद वाचून घ्यायलाही येतात. नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे पणजोबांच्या जमिनीचे कागद आज घरातल्या कोणालाच वाचता येत नाहीत. वाटणी निघाली किंवा सरकारने जमीन घेतली, की ट्रंकेच्या तळाशी पडलेले ते पिवळे कागद बाहेर येतात आणि "जरा बघा, काय लिहिलंय" म्हणून आमच्यापुढे ठेवले जातात. कागद आम्ही वाचून देतो. पण त्या कागदांच्या मागे उभा असलेला एक प्रश्न असा आहे की तो नुसत्या वाचनाने सुटत नाही. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

विष्णुपुरीत आणि आसपास ही वेळ आता वरचेवर येते. गोदावरीकाठचे हे एक गाव. इथे १९८१ साली इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले, नदीवर बंधारा झाला, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले, पुढे मेडिकल कॉलेज आणि त्याचा मोठा सरकारी दवाखाना आला. ज्या शेतात हायब्रीड आणि तूर निघायची त्याच्या शेजारून रस्ता गेला आणि एकरावर बोलणारी माणसे चौरस फुटावर बोलू लागली. जिल्ह्यात इतरत्रही तेच. जालना–नांदेड द्रुतगती महामार्गाच्या भूसंपादनाने कितीतरी घरांत मावेजाचा विषय आणला. जमीन कोरडवाहू होती तोवर बहिणीचा हिस्सा कोणी काढला नाही. जमिनीला भाव आला तेव्हा बहिणीची सही लागली.

सही कशावर? बहुधा हक्कसोडपत्रावर. आणि सहीच्या आधी घरात एक वाक्य ऐकू येते. आपल्या दखनीत ते असे असते : "मेरे कू कुछ नक्को भाई, मैं माफ करी." यातला 'नक्को' मराठीच्या 'नको'चाच भाऊ. दोन्ही भाषांतल्या बहिणी एकच शब्द बोलतात हा काही योगायोग नव्हे. शेजारच्या मराठा किंवा लिंगायत घरातली लेकही रजिस्ट्री ऑफिसात तीच सही करते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. आपल्याकडे तर मुलीचा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वीच ठरलेला. कायदे वेगळे, हिस्से वेगळे. पण त्या ऑफिसच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

आमचा प्रश्न हा : अशा रीतीने माफ केलेला हिस्सा खरोखर माफ होतो का?

उत्तरासाठी आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. मेलेल्या माणसाची मालमत्ता कोणाची असते? इंग्रजी कायद्याच्या कल्पनेप्रमाणे ती काही काळ मध्ये लटकते. मृत्युपत्र असेल तर ते कोर्टात सिद्ध करायचे, त्याला प्रोबेट म्हणतात; मग मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक देणी भागवतो आणि उरलेले वाटतो. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांशी संबंधित हिंदू आणि इतर काहींच्या मृत्युपत्रांना त्यात प्रोबेटची सक्ती होती. ती सक्तीही संसदेने २०२५ च्या डिसेंबरात काढून टाकली. मुसलमानाच्या मृत्युपत्राला मात्र ती अट त्या कलमाने आधीपासूनच लावली नव्हती. आणि आपल्याकडे मृत्युपत्राने जाते तरी किती? मयताची वसियत एक तृतीयांशापुढे चालत नाही. वारसालाच जास्त द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. उरलेले दोन तृतीयांश कोणाला जाणार हे मरणाऱ्याच्या हातात नसते.

मग ते वारसांच्या हातात केव्हा येते? अलाहाबाद हायकोर्टापुढे १८८५ साली हाच प्रश्न होता. सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी त्या निकालात मांडले की मुसलमानाच्या मृत्यूच्या क्षणीच त्याची मालमत्ता वारसांकडे, ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे जाते. मयताचे कर्ज फिटायचे राहिले असले तरी मालकी थांबून राहत नाही. कोर्ट, तहसील, तलाठी यांच्यापैकी कोणीही हिस्सा 'देत' नाही. ते फक्त झालेल्या गोष्टीची नोंद करतात.

हे एकदा मान्य केले की आपल्या घरातली भाषा चुकीची ठरते. "बहिणीला हिस्सा द्यायचा का?" असे आपण विचारतो. देण्यासारखे भावाकडे काही नाहीच. अब्बांचा जनाजा उठायच्या आधीच तिचा हिस्सा तिचा झालेला असतो. भावाच्या ताब्यात राहिली ती अमानत. अमानतीबद्दल प्रश्न एवढाच असतो की ती परत कधी करायची. आणि 'माफ' हा शब्दही पाहा. माफ कोणाला करतात? कर्जदाराला किंवा गुन्हेगाराला. बहीण "माफ करी" म्हणते आणि भाऊ ते ऐकून घेतो, तेव्हा दोघांनाही मनातून ठाऊक असते की काहीतरी देणे लागत होते.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, एका माणसाची दोन एकर जमीन आहे. मागे बायको, दोन मुले, तीन मुली. आईबाप आधीच वारलेले. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. मुले असल्याने बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे १० गुंठे. उरले ७०. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, एकूण सात वाटे. मुलाला २० गुंठे, मुलीला १०. सातवीच्या मुलाला हे गणित पाटीवर करता येते. या विद्येला 'इल्मे फराइज' म्हणतात, आणि ती किती महत्त्वाची मानली गेली याचा पुरावा गणिताच्या इतिहासात आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने जो ग्रंथ लिहिला, ज्याच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आज जगभर बीजगणिताला नाव मिळाले, त्याचा मोठा भाग वसियत आणि वारसा यांच्या हिशेबांनी भरलेला आहे. ज्या समाजाने मयताच्या मुलीचा वाटा काढण्यासाठी बीजगणित राबवले, त्या समाजाला आज १० गुंठे मोजता येत नाहीत असे म्हणणे पटत नाही. मोजता येतात. मोजायचे नसतात.

वाटण्याआधी मात्र एक क्रम आहे, आणि तो भावांच्या बाजूनेही न्याय करतो. आधी कफन-दफनाचा माफक खर्च. मग मयताचे कर्ज. मग वसियत. मग वारसांचे हिस्से. बापाच्या नावचे बँकेचे कर्ज भावाने स्वतःच्या पैशाने फेडले असेल, तर ते त्याने मांडावे आणि आधी वळते करून घ्यावे. पण त्याच कर्जाच्या यादीत आईचा न दिलेला मेहरही येतो, हे किती घरांत आठवले जाते? आणि चाळिसाव्याचे जेवण या क्रमात कुठेच नाही. तरी देगी न वाटलेल्या मालातून चढतात. वारसांत एखादे अनाथ पोर असेल तर त्याच्या हिश्श्यातलाही घास पाहुण्यांच्या ताटात जातो.

लोक म्हणतात, वाटणी करायला खर्च फार, हेलपाटे फार. खरे किती ते पाहू. गावच्या जमिनीला वारस म्हणून नाव लावण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे असते. तो वारसांची नोंद घेतो, नोटीस काढतो, हरकत आली नाही तर फेरफार मंजूर होतो. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, ती याचसाठी की कितीतरी सातबाऱ्यांवर मेलेली माणसेच मालक म्हणून उभी होती. बँकेतल्या मोठ्या रकमेसाठी मात्र दिवाणी कोर्टाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतात. अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, शपथपत्र, कधी जामीन. फी रकमेच्या प्रमाणात. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा ७५,००० रुपये सांगतात. वारसा प्रमाणपत्राची वेगळी पद्धतही आहे. ती मुंबई सरकारच्या १८२७ सालच्या रेग्युलेशनपासून चालत आलेली. ज्याचे नाव बँकेत 'नॉमिनी' म्हणून आहे तो मालक झाला, हा समजही खोटा आहे. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने १९८४ सालीच सांगितले की नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते पैसे असतात वारसांचे.

एकमत असेल तर हे सगळे काही महिन्यांचे काम. एकमत नसेल तर वाटणीचा दावा. तो हुकूमनाम्यापर्यंत जाण्यात वर्षे जातात. शेतजमीन असेल तर प्रत्यक्ष वाटपासाठी प्रकरण पुन्हा कलेक्टरकडे. या काळात कोणी मेले की हिशेब आणखी बारीक होतो. वरच्या उदाहरणातली एक मुलगी वाटणीपूर्वीच वारली आणि मागे आई, नवरा व एक मुलगा राहिला, तर तिच्या १० गुंठ्यांतले अडीच गुंठे नवऱ्याचे, सहावा हिस्सा आईचा, उरलेले मुलाचे. एकावर एक मरणे साठली तर हिशेब कसा करावा यासाठी फराइजमध्ये 'मुनासखा' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माणसे वाटणी लांबणीवर टाकतील हे शास्त्र लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

म्हणजे खर्च खोटा नाही. पण तो बहिणीलाच का भरावा लागतो? भाऊ जमिनीवर आहे, पीक त्याच्या घरात येते, कागद त्याच्या कपाटात आहेत. बहीण परभणीला किंवा उदगीरला दिलेली. तिला नक्कल काढायची तर एसटीचे भाडे, नवऱ्याची परवानगी, मुलांची सोय, वकिलाची फी. आणि हक्क सोडण्याचा खर्च किती? वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क बहिणीने भावाच्या नावे मोबदल्याविना सोडला तर मुद्रांक वर्षानुवर्षे २०० रुपयांचा होता. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये झाला. ती सही करायला भाऊ स्वतः गाडी करून तिला घेऊन येतो, जेवू घालतो, साडी देतो. हक्क मागण्याचा रस्ता लांब, महाग आणि एकटीचा. हक्क सोडण्याचा रस्ता जवळचा, स्वस्त आणि सगळ्यांच्या सोबतीचा. माणूस कुठल्या रस्त्याने जाईल, हे सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, फी कमी करा म्हणजे झाले. पण तो उपाय अर्धवट ठरतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. राज्य सरकारने १९९४ सालीच मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. तरीही आपल्या बहिणींची रांग कोर्टापुढे लागली नाही. कारण खरी फी कोर्टात भरायची नसतेच. ती माहेरच्या दारात भरावी लागते.

इथे बहिणीची बाजू नीट ऐकली पाहिजे. ती अडाणी असते म्हणून सोडते, असे समजणे हा तिचा अपमान आहे. तिचा हिशेब पक्का असतो. उद्या नवऱ्याने घराबाहेर काढले, तलाक झाला, नवरा वारला, तर कुठे जायचे? १० गुंठे कोरडवाहू जमीन तिला पोसणार नाही. भावाचे घर पोसेल, निदान चार महिने तरी. ईदला ईदी येते, बाळंतपणाला बोलावणे येते, लेकीच्या लग्नात मामा उभा राहतो. हे सगळे ती १० गुंठ्यांच्या बदल्यात टिकवते. या सौद्यात ती मूर्ख नाही. पण तो सौदा आहे, एवढे आपण कबूल करावे. आणि सौदा असेल तर तो 'माफी' नव्हे, 'खुशी'ही नव्हे. ज्या दारात ती जन्मली त्या दारात येत राहण्याची ती किंमत आहे, आणि ती किंमत तिच्या भावाला भरावी लागत नाही.

भावाची बाजूही आहे. "तिच्या लग्नात जहेज दिले, तोच तिचा हिस्सा." पण जहेज बहुतेक वेळा बापाने त्याच्या हयातीत दिलेले असते. जिवंतपणी दिलेली भेट वेगळी आणि मरणानंतरचा वारसा वेगळा. भावालाही बापाने शिकवले, दुकान टाकून दिले, लग्न करून दिले. ते कोणी त्याच्या २० गुंठ्यांतून वजा करत नाही. दुसरी तक्रार जास्त खरी आहे : "दोन एकराचे पाच तुकडे केले तर कोणाचेच पोट भरणार नाही." कायदाही हेच म्हणतो. तुकडेबंदीच्या कायद्याखाली ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. पण तुकडा पडत नाही म्हणजे हिस्सा बुडाला असे कुठे लिहिले आहे? जमीन एकत्र ठेवून सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे राहू शकतात. पीक निघाले की तिचा वाटा पोचता होऊ शकतो. जमीन विकली किंवा मावेजा आला तर तिचा पैसा तिच्या खात्यावर जाऊ शकतो. भाऊ तिचा हिस्सा रास्त भावाने, हप्त्याने विकतही घेऊ शकतो. नाव लावताना तरी ते कब्जेदाराच्या सदरात लागावे. जुन्या सातबाऱ्यांवर बहिणींची नावे 'इतर अधिकार'च्या रकान्यात टाकलेली आम्ही कितीदा पाहिली आहेत. मालकीण असलेल्या बाईला बोज्याच्या आणि विहिरीच्या नोंदींत बसवायचे, हा लिहिण्यातला अन्यायही लहान नाही.

मग बहीण स्वखुशीने काही देऊच शकत नाही का? जरूर देऊ शकते. देणे हा तिचाही हक्क आहे. पण ते देणे खरे होण्यासाठी आमच्या मते तीन गोष्टी लागतात. पहिली, आपण काय देतो आहोत हे तिला ठाऊक हवे : किती गुंठे, आजचा भाव काय, मावेजा किती येणार. दुसरी, देण्यापूर्वी ती वस्तू तिच्या हातात आलेली हवी. हिब्याला ताबा लागतो हे आपण सगळे मानतो. जी वस्तू कधी ताब्यातच आली नाही तिचा हिबा तोंडच्या शब्दाने कसा पुरा व्हावा? म्हणूनच अनेक उलेमा सांगतात की आधी हिस्सा वेगळा काढून तिच्या स्वाधीन करा, मग तिला वाटले तर ती देईल. तिसरी, आणि सगळ्यांत अवघड : तिने 'नाही देत' म्हटले तर तिचे काहीही बिघडू नये. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला आपण व्यवहारात कुठेच संमती म्हणत नाही. मग घरातच का म्हणावे?

ही तिसरी अट भावालाच पुरी करता येते. बहिणीने कितीही धीर केला तरी ते तिच्या हातात नाही. म्हणून बहिणींना "आपला हक्क मागा" असे शिकवून आपले काम संपत नाही. मागण्याची वेळच तिच्यावर येऊ नये, हे पाहणे भावाचे काम आहे. अमानत ज्याच्याकडे असते, चालत जाणे त्याच्याकडे लागते.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांच्या हिश्श्याबरोबर स्त्रियांचा हिस्साही सांगितला आहे आणि तो मालमत्ता थोडी असो की फार, ठरलेलाच आहे असे बजावले आहे. नमाजेच्या रकाती कमी करण्याचा विचार आपल्या मनात येत नाही. मग याच किताबात मोजून दिलेले हिस्से कमी करताना हात का थरथरत नाही? आपल्या पर्सनल लॉवर बाहेरून कोणी बोलले की आपण मोर्चे काढतो. तोच कायदा आपल्या अंगणात, आपल्या हाताने, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर मोडला जातो तेव्हा गल्लीत शांतता असते.

करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला चळवळ लागत नाही. मय्यत झाल्यावर चाळिसाव्याची यादी करतो तशी मालमत्तेची आणि कर्जाची यादी करावी. महसुली नोंदीला तीन महिने, आणि आईची इद्दत चार महिने दहा दिवस. इद्दत संपेपर्यंत सगळ्यांची नावे लागलेली असावीत. नोंदणीचा, नोटिशीचा, वकिलाचा खर्च मयताच्या मालातून, हिश्श्याच्या प्रमाणात निघावा. एकट्या बहिणीच्या पदरातून नको. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा तरी फराइज यावे, आकड्यांसह. आणि आम्ही शिक्षकांनी अपूर्णांक शिकवताना पोळीचे तुकडे करणे थोडे थांबवून ८० गुंठे फळ्यावर घ्यावेत. वर्गात मुले असतात तशा मुलीही असतात. आपला वाटा किती, हे दोघांनाही एकाच दिवशी, एकाच फळ्यावर दिसले पाहिजे.

हिस्सा आधी तिच्या नावावर यावा. पुढे तिने तो ठेवावा, विकावा की भावाला द्यावा, हे तिने ठरवावे. आणि तिने तो ठेवला तरी येत्या ईदला तिच्यासाठी माहेरात शेवया तशाच शिजाव्यात.